कवच कोणत्या किरणांसाठी?

‘अमुक वनस्पतीचा अर्क किरणोत्सर्गापासून पेशींचे रक्षण करतो, भारतीय शास्त्रज्ञांचे संशोधन.’ अशा मथळ्याची बातमी आपल्याकडे दर काही महिन्यांनी येते. वनस्पती बदलते, प्रयोगशाळा बदलते, छायाचित्रातील उंदीर बदलतो. वाक्य तेच राहते. हे वाक्य बहुधा खोटे नसते, पण अपुरे असते. कोणत्या प्रारणापासून रक्षण, कोणत्या पेशींचे, आणि रसायन किरणांच्या आधी दिले की नंतर, या तीन प्रश्नांची उत्तरे नसतील तर ‘रक्षण’ या शब्दाला वैज्ञानिक अर्थ उरत नाही. ‘हे औषध आजारावर चालते’ एवढेच सांगून आजाराचे नाव न सांगण्यासारखे ते आहे.

गोंधळाचे मूळ भाषेत आहे. बोलीतला ‘रेडिएशन’ हा एकच शब्द उन्हातील अतिनील किरणांना चालतो, छातीच्या क्ष-किरण तपासणीला चालतो, कर्करोगावरील किरणोपचारांना चालतो, अणुभट्टीतील न्यूट्रॉनांना आणि अंतराळातून येणाऱ्या लोहाच्या अणुकेंद्रकांनाही चालतो. भौतिकीच्या दृष्टीने या सर्व प्रारणांचे पेशीशी वागणे इतके वेगळे आहे की एकाविरुद्ध चाललेले कवच दुसऱ्यापुढे निरुपयोगी ठरू शकते. हा फरक संशोधकांना ठाऊक असतो. तो प्रसिद्धिपत्रकात गळतो, बातमीत नाहीसा होतो, आणि किरणोपचार घेणाऱ्या रुग्णापर्यंत पोहोचतो तेव्हा केवळ ‘ही गोळी घ्या, रेडिएशनचा त्रास होणार नाही’ असा सल्ला उरतो. म्हणून हा प्रश्न शब्दांच्या काटेकोरपणापुरता नाही.

प्रारणाची इजा समजून घेताना प्रथम एक विरोधाभास लक्षात घ्यावा लागतो. क्ष-किरण किंवा गॅमा किरणांची ४ ग्रे मात्रा संपूर्ण शरीराला थोड्या वेळात मिळाली आणि वैद्यकीय मदत मिळाली नाही, तर सुमारे निम्मी माणसे दगावण्याची शक्यता असते. १ ग्रे म्हणजे दर किलोग्रॅम ऊतीमागे १ ज्यूल ऊर्जा. ७० किलोच्या माणसात ४ ग्रेने जमा होणारी एकूण ऊर्जा २८० ज्यूल, आणि तिच्यामुळे शरीराचे तापमान वाढते ते एका अंशाच्या हजाराव्या भागाइतके. चमचाभर गरम चहासुद्धा शरीराला याहून अधिक उष्णता देतो. मारक ठरते ते ऊर्जेचे प्रमाण नव्हे, तिची वाटणी. उष्णता सर्व रेणूंत समान पसरते. आयनकारी प्रारण मात्र आपली ऊर्जा निवडक ठिकाणी, एखाद्या रासायनिक बंधाला तोडून उरेल एवढ्या मोठ्या हप्त्यांत टाकते. त्या हप्त्याच्या जागी डीएनए असला तर इजा होते.

ही इजा दोन वाटांनी होते. पहिली थेट वाट: कण किंवा त्याने उडवलेला इलेक्ट्रॉन डीएनएच्याच अणूंचे आयनीभवन करतो. दुसरी वाट पाण्यातून जाते. पेशीचा बहुतांश भाग पाणी असल्याने ऊर्जेचे बरेचसे हप्ते पाण्याच्या रेणूंवर पडतात. त्यातून हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो; त्याच्यात एक इलेक्ट्रॉन जोडीविना असतो, त्यामुळे तो समोर येईल त्या सेंद्रिय रेणूतून हायड्रोजन ओढून घेतो. पेशीतील त्याचे आयुष्य सेकंदाच्या अब्जांश भागाइतके, आणि तेवढ्यात तो जेमतेम काही नॅनोमीटर सरकतो. डीएनएच्या दुपदरी गोफाचा व्यास २ नॅनोमीटर आहे, हे लक्षात घेतले तर त्या मूलकाचे जग किती लहान असते याची कल्पना येते. क्ष-किरण आणि गॅमा किरणांच्या बाबतीत डीएनएच्या इजेचा सुमारे दोन तृतीयांश भाग या पाण्याच्या वाटेने होतो.

रसायनाने रक्षण करण्याची शक्यता इथेच निर्माण होते. पहिली वाट अडवायला वेळच नसतो. दुसरीत मात्र ऊर्जा पडणे आणि डीएनए कायमचा बिघडणे यांच्या मध्ये रसायनशास्त्राचा एक टप्पा आहे. जिथे टप्पा आहे, तिथे मध्ये पडता येते.

हे मध्ये पडणे पहिल्यांदा ठळकपणे दिसले १९४९ साली. अमेरिकेतील आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत हार्वे पॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना क्ष-किरणांच्या मारक मात्रेआधी सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल दिले, आणि त्यांपैकी बरेच वाचले. तेच सिस्टीन किरणांनंतर दिले तर उपयोग झाला नाही. १९५१ मध्ये बेल्जियममध्ये झेनॉन बाक यांच्या गटाने सिस्टीअमीन हे त्याहून प्रभावी रसायन दाखवून दिले. दोन्ही रेणूंच्या टोकाशी गंधक आणि हायड्रोजनची जोडी आहे; अशा रसायनांना थायॉल म्हणतात.

‘आधी दिले तर चालते, नंतर दिले तर नाही’ या निरीक्षणात सगळी यंत्रणा दडलेली आहे. हायड्रॉक्सिल मूलकाने डीएनएतून हायड्रोजन ओढून नेला की त्या जागी एक उघडी जखम राहते. तिच्यासाठी दोन रेणूंत शर्यत लागते. थायॉल आधी पोहोचला तर तो स्वतःजवळचा हायड्रोजन देऊन जखम बुजवतो आणि डीएनए पूर्ववत होतो. ऑक्सिजन आधी पोहोचला तर तो जखमेला चिकटतो आणि इजा पक्की करतो. ही शर्यत काही सहस्रांश सेकंदांत निकाली निघते. किरण जाऊन गेल्यावर तासाभराने आलेला रक्षक शर्यत संपल्यावर मैदानात उतरलेला धावपटू असतो.

इथे एक साधे गणित प्रत्येक विज्ञान-विद्यार्थ्याने करून पाहावे. पेशी सेंद्रिय रेणूंनी इतकी खच्चून भरलेली आहे की हायड्रॉक्सिल मूलक सेकंदाला सुमारे अब्ज या वेगाने कशाशी तरी अभिक्रिया करून संपतो. समजा, एखादे प्रतिऑक्सिडक अगदी कमाल वेगाने, म्हणजे दर मोलर संहतीला सेकंदास १० अब्ज, या गतीने मूलकाला पकडते आणि पेशीत त्याची संहती १ मायक्रोमोलर आहे. मग त्याचा पकडण्याचा वेग भरतो सेकंदाला १० हजार. म्हणजे लाख मूलकांमागे एक त्याच्या वाट्याला येतो. आहारातून किंवा गोळीतून घेतलेली बहुतेक वनस्पतिजन्य रसायने रक्तात याहून फार वरची पातळी गाठत नाहीत. हळदीतील कुरकुमिनचे आतड्यातून होणारे शोषण तर कुप्रसिद्धच अल्प आहे. तेव्हा ‘हा अर्क मुक्त मूलक वेचून डीएनए वाचवतो’ हे स्पष्टीकरण परीक्षानळीत बरोबर ठरले तरी जिवंत पेशीत तेच घडत असेल, असे मानता येत नाही. अर्काने उंदीर खरोखर वाचला असेल तर कारण बहुधा दुसरे असते: पेशीची स्वतःची संरक्षक विकरे जागी होणे, दुरुस्तीला वेळ मिळणे, दाह कमी होणे किंवा अस्थिमज्जा लवकर सावरणे. ही कारणे कमी प्रतीची नाहीत. ती वेगळी आहेत, आणि वेगळी म्हणूनच तपासायला हवीत.

सिस्टीअमीननंतर अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संशोधन संस्थेने शीतयुद्धाच्या काळात ४,००० हून अधिक रसायने तयार करून तपासली. त्यांतून टिकले मुख्यतः एक, अमिफॉस्टिन. उंदरांवरील प्रयोगांत अस्थिमज्जेच्या नाशाने येणाऱ्या मृत्यूबाबत त्याचा मात्रा-घट गुणांक सुमारे २.७ होता, म्हणजे तोच परिणाम घडवायला २.७ पट मात्रा लागली. आतड्याच्या नाशाने येणाऱ्या मृत्यूबाबत तोच आकडा १.८ वर उतरला. रसायन एक, प्रारण एक, प्राणी एक. केवळ ऊती बदलली आणि कवचाची जाडी बदलली. मेंदूला तर त्याचा आधार जवळपास मिळत नाही, कारण रक्त आणि मेंदू यांच्यातील अटकाव ते ओलांडत नाही.

डोके व मान यांच्या कर्करोगाच्या ३१५ रुग्णांवर झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अमिफॉस्टिनमुळे किरणोपचारांच्या काळात तोंड तीव्र कोरडे पडणाऱ्यांचे प्रमाण ७८ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर आले. औषध मात्र दर वेळी किरणांच्या १५ ते ३० मिनिटे आधी शिरेतून द्यावे लागे, आणि मळमळ, उलट्या, रक्तदाब घसरणे हा त्रास ठरलेला. पुढे किरणांच्या झोताला संगणकाच्या साहाय्याने आकार देऊन लाळग्रंथींना मुळातच कमी मात्रा पोहोचवण्याचे तंत्र आले. ब्रिटनमधील पारस्पोर्ट चाचणीत (२०११) त्या तंत्राने वर्षभरानंतर कोरड्या तोंडाचे प्रमाण ७४ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आणले. जे काम रसायनाकडून करवून घ्यायचे होते, त्याचा मोठा भाग झोताच्या भूमितीने केला. इतक्या शोधानंतर हाती आलेल्या सर्वोत्तम रक्षकाची ही मर्यादा लक्षात ठेवली, तर नव्या अर्काच्या बातमीकडे कोणत्या अपेक्षेने पाहावे हे ठरवणे सोपे जाते.

आतापर्यंतची सारी हकिकत क्ष-किरण व गॅमा किरणांची आहे. आता प्रारण बदलून पाहू.

प्रारणांची तुलना करण्याचे एक माप आहे: कण आपल्या मार्गावर दर मायक्रोमीटरला किती ऊर्जा सोडतो. याला रेषीय ऊर्जा-हस्तांतरण म्हणतात. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांसाठी हे मूल्य ०.२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास. अल्फा कणांसाठी ते १०० किंवा अधिक. फरक शेकडो पटींचा. पेशीच्या केंद्रकाला गॅमा किरणांची १ ग्रे मात्रा मिळते तेव्हा सुमारे हजार इलेक्ट्रॉन-मार्ग त्यातून विखरून जातात. तीच १ ग्रे अल्फा कणांनी मिळते तेव्हा केंद्रकातून मोजके तीन-चार कण जातात. पाणी तेवढेच, पण एकदा ते रिमझिम होऊन अंगणभर पडते आणि एकदा फुटलेल्या बांधातून एका जागी कोसळते. रिमझिमीत छत्री पुरते. बांध फुटला की छत्रीची शिवण किती चांगली आहे, याला अर्थ राहत नाही.

रासायनिक तपशीलही या चित्राला दुजोरा देतो. गॅमा किरणांच्या १ ग्रेने एका पेशीत सुमारे हजार ठिकाणी डीएनएचा एकच पदर तुटतो आणि चाळीसेक ठिकाणी दोन्ही पदर तुटतात. अल्फा कणांमुळे होणाऱ्या दुहेरी तुटींची संख्या याहून फार वेगळी नसते. वेगळी असते ती त्यांची गुंतागुंत. सुमारे १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट प्रति मायक्रोमीटर या मूल्याला लागोपाठच्या दोन आयनीभवनांतील अंतर सरासरी २ नॅनोमीटर होते, म्हणजे नेमके गोफाच्या व्यासाइतके. एकच कण जाता जाता दोन्ही पदर तोडतो, शेजारचे आधाररेणू बिघडवतो आणि असा गुंता करून ठेवतो की पेशीच्या दुरुस्ती-विकरांना मूळ क्रम वाचता येत नाही. दाट मार्गात तयार झालेले मूलक एकमेकांशीच जुळून संपतात, त्यामुळे पाण्याच्या वाटेचा वाटा घटतो आणि थेट वाटेचा वाढतो. थायॉलने एक जखम बुजवली तरी शेजारच्या चार उघड्याच राहतात.

याचा पुरावा ऑक्सिजनकडूनही मिळतो. क्ष-किरणांपुढे ऑक्सिजनयुक्त पेशी ऑक्सिजनविरहित पेशींपेक्षा अडीच ते तीन पट संवेदनशील असतात. अल्फा कणांपुढे हे गुणोत्तर १ वर येते, म्हणजे ऑक्सिजन असला काय नि नसला काय, फरक पडत नाही. ज्या शर्यतीत ऑक्सिजन आणि थायॉल धावत होते, ती शर्यतच रद्द झाली. म्हणून कोबाल्टच्या गॅमा किरणांविरुद्ध मिळालेला मात्रा-घट गुणांक न्यूट्रॉन, अल्फा किंवा जड आयनांविरुद्ध तसाच मिळेल, असे गृहीत धरणे चुकीचे आहे. प्रयोगांतही तो घसरतानाच दिसतो.

दुसऱ्या टोकाला अतिनील किरण आहेत. त्यांची ऊर्जा अणूतून इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी नसते. डीएनएचे आधाररेणू ती शोषून घेऊन शेजाऱ्याशी चुकीचे जोडले जातात. इथे थायॉलची शर्यत नाही, पण किरण आधीच शोषून घेणारा पडदा लावता येतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत २०२० मध्ये संदीप ईश्वरप्पा यांच्या गटाने याचे सुंदर उदाहरण प्रसिद्ध केले. संस्थेच्याच आवारातील शेवाळात सापडलेला टार्डिग्रेड, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारा अष्टपाद जलजीव, अंगातील रंगद्रव्याने घातक अतिनील किरण शोषून निरुपद्रवी निळा प्रकाश बाहेर टाकतो. त्याचा अर्क दुसऱ्या, संवेदनशील टार्डिग्रेडवर लावला तर त्यालाही अंशतः संरक्षण मिळाले. त्याआधी २०१६ मध्ये जपानी संशोधकांनी दुसऱ्या जातीच्या टार्डिग्रेडमध्ये डीएनएला बिलगणारे एक प्रथिन शोधले होते. मानवी पेशींत ते घातल्यावर क्ष-किरणांनी होणारी डीएनएची इजा सुमारे ४० टक्क्यांनी घटली. प्राणी एकाच कुळातले, पण प्रारणे दोन आणि कवचेही दोन. रंगद्रव्य क्ष-किरण अडवू शकत नाही. ‘टार्डिग्रेड रेडिएशनला दाद देत नाही’ या लोकप्रिय वाक्यात हा सारा तपशील हरवतो.

तिसरा गोंधळ शरीरात शिरलेल्या किरणोत्सारी द्रव्यांबाबत होतो. पोटॅशियम आयोडाइडच्या गोळीला सर्रास ‘रेडिएशनवरची गोळी’ म्हटले जाते. ती प्रत्यक्षात थायरॉइड ग्रंथी साध्या आयोडीनने भरून टाकते, जेणेकरून किरणोत्सारी आयोडीनला तिथे जागा मिळू नये. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर पोलंडने सुमारे एक कोटी मुलांना ती दिली, आणि त्या प्रसंगी ते योग्य होते. २०११ मध्ये फुकुशिमानंतर चीनमध्ये लोकांनी आयोडीनयुक्त मिठासाठी दुकानांपुढे रांगा लावल्या, त्यात मात्र शास्त्र नव्हते. सिझियमसाठी प्रशियन ब्लू हे रंगद्रव्य असेच काम करते. आतड्यात सिझियमला धरून ते बाहेर नेते. दोन्ही उपाय उत्तम, पण ठरावीक मूलद्रव्यांपुरते.

भारताने याचा धडा घेतला आहे. २०१० च्या एप्रिलमध्ये दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजारात कोबाल्ट-६० चा स्रोत असलेले जुने उपकरण फोडले गेले. एकाचा मृत्यू झाला, इतर अनेकांना गंभीर इजा झाली. बाहेरून येणाऱ्या गॅमा किरणांपुढे आयोडाइडचा उपयोग नव्हता, प्रशियन ब्लूचा नव्हता, आणि थायॉलची वेळ केव्हाच टळून गेलेली होती. अशा रुग्णांना हात देतात ती अस्थिमज्जेला पुन्हा पेशी घडवायला उद्युक्त करणारी औषधे, संसर्गापासून जपणूक आणि रक्तघटक. फिलग्रास्टिम या औषधाला अमेरिकेत २०१५ मध्ये तीव्र प्रारण-आजारासाठी मान्यता मिळाली, ती याच कामासाठी. ते इजा टाळत नाही, इजेनंतर सावरायला मदत करते. रक्षक, अटकाव करणारे आणि सावरणारे असे हे तीन वेगळे वर्ग आहेत. मराठी आणि हिंदी बातम्यांत तिघेही ‘अँटी-रेडिएशन’ या एका नावाखाली वावरतात.

भारतीय संशोधनाची परंपरा या क्षेत्रात छोटी नाही. दिल्लीतील आण्विक वैद्यक व संलग्न विज्ञान संस्थेने (इनमास) हिमालयातील पोडोफायलम आणि सी-बकथॉर्न यांच्या अर्कांवर वर्षानुवर्षे काम केले. मणिपालला पी. उमा देवी आणि सहकाऱ्यांनी तुळशीतील ओरिएंटिन व विसेनिन ही रसायने वेगळी करून उंदरांत तपासली. भाभा अणुसंशोधन केंद्रात के. इंदिरा प्रियदर्शिनी यांच्यासारख्या रसायनशास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉनांचा क्षणिक झोत टाकून मूलकांच्या अभिक्रिया अतिसूक्ष्म कालावधीत मोजल्या आणि कुरकुमिनचे वर्तन समजावून दिले. हे काम गंभीर आहे आणि त्याची थट्टा करणे अन्यायाचे ठरेल.

तरीही त्याचा एक साचा बनला आहे आणि तो मोडायला हवा. बहुतेक प्रयोगांत प्राणी उंदीर असतो, प्रारण कोबाल्ट-६० चे गॅमा किरण असते, अर्क किरणांच्या आधी दिलेला असतो आणि मोजमाप असते ३० दिवसांनी जिवंत उरलेल्यांचे. कारण व्यावहारिक आहे. गॅमा कक्ष देशातील अनेक संस्थांत आहेत. जड आयनांचा झोत मिळवायला त्वरक लागतो आणि त्यासाठी वेळ मागून घ्यावा लागतो. पण सोय नाही असे म्हणता येणार नाही. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात पेशींवर आयनांचा मारा करण्याची स्वतंत्र व्यवस्था आहे. मुंबई आणि कोलकाता येथेही त्वरक आहेत. ज्या रसायनाचा गॅमा किरणांविरुद्ध गुणांक प्रकाशित झाला आहे, त्याचा आयनांविरुद्धचा गुणांकही मोजला जावा आणि तो १ निघाला तरी प्रकाशित व्हावा, अशी अट निधी देणाऱ्या संस्थांनी घातली तर त्यात कोणाचे नुकसान नाही. रक्षण ‘होत नाही’ हा निष्कर्षही यंत्रणेबद्दल तेवढेच शिकवतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. भारतात माणसांचा प्रारणाशी संबंध येतो तो मुख्यतः क्ष-किरण आणि गॅमा किरणांशीच. रुग्णालयांतील बहुतेक यंत्रे त्यांचीच आहेत. मग प्रयोग त्यांवर केले तर बिघडले काय? काहीच नाही. फक्त तसे लिहावे. ‘गॅमा किरणांविरुद्ध, आधी दिल्यास, उंदरांत’ एवढे शब्द मथळ्यात मावत नसतील तर पहिल्या परिच्छेदात मावतात. शिवाय चित्र बदलते आहे. चेन्नईत २०१९ पासून आणि टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संकुलात २०२३ पासून प्रोटॉन-उपचार उपलब्ध आहेत. प्रोटॉन आपल्या मार्गाच्या अगदी शेवटी जास्त दाट ऊर्जा सोडतो. गगनयानाची तयारी चालू आहे, २०३५ पर्यंत भारतीय अंतराळ स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय पाऊल ही जाहीर उद्दिष्टे आहेत. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राबाहेर गेलेल्या यात्रिकाला जड अणुकेंद्रकांचा सामना करावा लागेल. त्याच्यासाठी गॅमा कक्षात सिद्ध झालेली गोळी पुरेशी आहे, असे आज कोणीही म्हणू शकत नाही.

पण अंतराळयात्री मोजके आहेत. किरणोपचार घेणारे रुग्ण लाखोंनी आहेत, आणि खरा धोका त्यांच्या बाबतीत आहे. गॅमा किरणांच्या उंदरात ‘सर्व पेशी वाचल्या’ ही आनंदाची बातमी असते. रुग्णात मात्र काही पेशी मरायला हव्या असतात. कॅनडातील क्वेबेकमध्ये डोके व मान यांच्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांना किरणोपचारांदरम्यान ई जीवनसत्त्व किंवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. काहींना सोबत बीटा-कॅरोटीनही मिळाले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, विशेषतः दोन्ही घेणाऱ्यांमध्ये, उपचारांचा तीव्र त्रास कमी झालेला आढळला. पण कर्करोग पुन्हा त्याच जागी उद्भवण्याचा कलही पूरके घेणाऱ्यांत जास्त होता. तो कल संख्याशास्त्रीय निश्चितीपर्यंत पोहोचला नव्हता. पुढील विश्लेषणात मात्र उपचारांच्या काळात धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांमध्ये पूरकांमुळे वाढलेला धोका स्पष्ट दिसला. निरोगी पेशीला वाचवणारा रेणू गाठीलाही वाचवू शकतो. तोंडाचा कर्करोग जिथे इतका मोठ्या प्रमाणावर आढळतो, त्या देशात हा निष्कर्ष प्रत्येक ‘नैसर्गिक, म्हणून निर्धोक’ गोळीच्या जाहिरातीशेजारी छापला जायला हवा.

अलीकडे अणुऊर्जा विभागाच्या संस्था आणि बंगळुरूची एक औषधनिर्माण कंपनी यांनी मिळून विकसित केलेली ‘अ‍ॅक्टोसाइट’ ही किरणोपचार घेणाऱ्यांसाठीची गोळी अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या मान्यतेने आली. देशातल्या प्रयोगशाळेतील काम रुग्णापर्यंत पोहोचणे स्वागतार्ह आहे. मात्र वाचकाने एक भेद ध्यानात ठेवावा: आहारपूरक म्हणून मिळालेली मान्यता आणि औषध म्हणून मिळणारी मान्यता यांच्यासाठी लागणारा पुरावा सारखा नसतो. अशा प्रत्येक उत्पादनाबाबत, मग ते कोणाचेही असो, गाठीवरील परिणाम दीर्घकाळ तपासणाऱ्या तुलनात्मक चाचण्या खुल्या नियतकालिकांत प्रसिद्ध व्हाव्यात, ही अपेक्षा विरोधाची नाही. विज्ञानाची ती किमान शिस्त आहे.

म्हणून दोन ठोस मागण्या करता येतात. संशोधन संस्थांनी प्रारणरक्षकाविषयीच्या प्रत्येक प्रसिद्धिपत्रकात प्रारणाचा प्रकार, मात्रा, रसायन देण्याची वेळ, प्रयोगातील जीव आणि मात्रा-घट गुणांक या पाच गोष्टी लिहाव्यात. पत्रकारांनी त्या नसतील तर विचाराव्यात. आणि किरणोपचार केंद्रांनी पहिल्याच भेटीत रुग्णाला लिखित स्वरूपात सांगावे की डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतेही प्रतिऑक्सिडक, काढा किंवा पूरक सुरू करू नये. घेत असल्यास लपवू नये. या दुसऱ्या मागणीला पैसा लागत नाही. एक कागद लागतो, आणि तो रुग्णाच्या मातृभाषेत असावा लागतो.

विद्यार्थ्यांसाठी यात एक मोकळे क्षेत्रही आहे. दाट मार्गाच्या प्रारणाविरुद्ध थायॉल हरतात हे माहीत आहे. इजेनंतरची दुरुस्ती, दाह आणि पुनर्निर्मिती यांवर काम करणारी रसायने तिथे किती साथ देतील, हे अजून बरेचसे मोजायचे आहे. त्यासाठी जीवशास्त्रज्ञाला त्वरकाची भाषा यावी लागेल आणि भौतिकीच्या विद्यार्थ्याला पेशी वाढवता यायला हव्यात. पुढच्या वेळी ‘रेडिएशनपासून वाचवणारी’ वनस्पती बातमीत दिसली, की ती बातमी पुढे पाठवण्याआधी मूळ शोधनिबंधातील प्रयोगपद्धतीचा परिच्छेद उघडावा आणि किरणांचा स्रोत कोणता होता, तेवढे पाहावे. बहुतेक वेळा तिथे कोबाल्ट-६० लिहिलेले सापडेल. मग रक्षण कशापासून झाले आणि कशापासूनचे अजून तपासलेलेच नाही, हे सांगायला तज्ज्ञाची गरज पडणार नाही.